वीस प्रश्नांची उत्तरे लिहिताना : मीडियानामा आणि माझा अनुभव

एप्रिल २०१५ मध्ये मी सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो आणि दहावीच्या धड्यांच्या ध्वनिफिती स्वतःच्या छोट्या संकेतस्थळावर ठेवत होतो. एकेक फीत मी तीन एमबीच्या आत बसवत असे, कारण मुलांच्या हाती वडिलांचा फोन, त्यावर टूजी आणि छोटासा डेटा पॅक, एवढेच साधन होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, आपण कधी लेखी उत्तर पाठवू असे तोवर मनातही आले नव्हते. तिथपर्यंत मला नेले ते मीडियानामा या दिल्लीच्या वृत्तसंस्थळाने.

निखिल पाहवा यांनी २००८ मध्ये ते सुरू केले. वर्तमानपत्रांतले तंत्रज्ञानाचे पान म्हणजे बहुधा नव्या मोबाइलचा कॅमेरा आणि त्याची किंमत. इथे मात्र दूरसंचार कंपन्यांचे तिमाही निकाल, ट्रायचे आदेश, कॉलर ट्यूनच्या पैशांत कोणाचा किती वाटा, अशा रुक्ष वाटणाऱ्या बातम्या सातत्याने येत. कॉलर ट्यूनच्या धंद्यात गाणे कोणाचेही असो, ग्राहकापर्यंतची वाट कंपनीच्या हातात असल्यामुळे मोठा वाटा तीच ठेवून घेई. पाहवांना पुढचा धोका इतरांच्या आधी दिसला तो यामुळेच, असे माझे मत आहे. वाटेवर बसलेला माणूस काय करतो, याचा हिशेब ते अनेक वर्षे मांडत आले होते.

तो धोका त्या काही महिन्यांत एकेक करून समोर आला. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे आकारण्याचे जाहीर केले आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत निर्णय मागे घेतला. फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग आणले, ज्यात ठरावीक संकेतस्थळेच फुकट उघडत. २७ मार्चला ट्रायचा ओटीटी, म्हणजे व्हॉट्सॲप, स्काइपसारख्या इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांवरचा कन्सल्टेशन पेपर, म्हणजे लोकांची मते मागवणारा कागद, आला आणि पाठोपाठ ६ एप्रिलला एअरटेल झीरो, ज्यात डेटाचे पैसे ग्राहकाऐवजी ॲपवाल्याने भरायचे होते. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना मी हे समजावून सांगत होतो, तेव्हा ते म्हणाले, "पण सर, एक फुकट आन् एक पैशाचं असलं, तर पोरं फुकटचंच बगणार की." माझ्या ध्वनिफितींचे काय होणार, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले.

पेपर ११८ पानांचा होता आणि शेवटी २० प्रश्न होते. स्क्रीनवर वाचवेना, म्हणून तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला. स्पायरल लावताना दुकानदाराने काळजीने विचारले, "सर, जमिनीची केस हाय का?" रात्री पेन्सिल घेऊन बसलो आणि पहिल्याच प्रश्नावर अडलो. देशात इंटरनेट अजून पसरते आहे, वेग कमी आहे, तेव्हा ओटीटी सेवांसाठी नियमांची चौकट आखणे फार लवकरचे होईल का, की आतापासूनच काही सुरुवात करावी, असा तो प्रश्न होता. मी 'फार लवकरचे होईल' असे लिहूनही टाकले. नंतर मीडियानामावरचे विवेचन वाचताना लक्षात आले की या दोन्ही पर्यायांत चौकट आज ना उद्या लागणारच, हे धरून चाललेले आहे. मी ते उत्तर खोडले आणि अशी वेगळी चौकट मुळात कशासाठी हवी, इथून नव्याने सुरुवात केली.

इंटरनेटवर असा भेदभाव नको म्हणून मोहीम चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी वीसही प्रश्नांची तयार उत्तरे उपलब्ध करून दिली होती. एआयबी या विनोदी कलाकारांच्या गटाच्या चित्रफितीमुळे ती घरोघरी पोचली आणि २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेले. मीही त्या उत्तरांचा आधार घेतला, पण ती जशीच्या तशी पाठवली नाहीत, कारण त्यांत माझी मुले नव्हती. ओटीटीवाल्यांनी ग्राहकाच्या डेटाच्या पैशांखेरीज जाळ्याच्या वापरासाठी आणखी पैसे द्यावेत का, या प्रश्नाला मी लिहिले की मुलाच्या वडिलांनी त्या तीन एमबीचे पैसे डेटा पॅक घेतानाच भरले आहेत, मग त्याच तीन एमबीचे पैसे माझ्याकडून पुन्हा कशाबद्दल? इंग्रजीत लिहिण्याची सवय नसल्याने वीस उत्तरांना चार रात्री लागल्या.

बातमी देणाऱ्याने मोहिमेत उतरावे का, हा प्रश्न मला त्या काळात सतावत होता. पाहवा तर उघडपणे मोहिमेच्या पुढे होते. मला त्यात वावगे वाटले नाही, कारण त्यांनी बाजू लपवली नाही आणि मूळ कागदही वाचकापुढे ठेवले. त्यांच्याशी असहमत व्हायचे असेल तर त्याची सामग्रीही तिथेच मिळत होती.

९ डिसेंबरला ट्रायने वेगवेगळ्या डेटा दरांबद्दल दुसरा पेपर काढला. त्यात चारच प्रश्न होते. या वेळी फेसबुकने इंटरनेट डॉट ऑर्गचे नाव फ्री बेसिक्स करून देशभर जाहिराती लावल्या होत्या. मार्क झुकरबर्ग यांनी टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहिला आणि त्याच वृत्तपत्रात पाहवांचे उत्तर आले. फेसबुकमार्फत गेलेल्या लाखो ठरावीक मजकुरांत फ्री बेसिक्सला पाठिंबा होता, पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नव्हती, हे ट्रायनेच निदर्शनास आणले. मला या वेळी एक संध्याकाळ पुरली. एप्रिलमधली पेन्सिलीची टिपणे हाताशी होती.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय आला तेव्हा मी शिक्षक खोलीत होतो. मजकूर पाहून वेगवेगळे डेटा दर लावायला बंदी आणि नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड, हे मी फोनवर दोनदा वाचले. तीन दिवसांनी फेसबुकने भारतातील फ्री बेसिक्स बंद केले. त्या संध्याकाळी मी वर्गसमीकरणांची राहिलेली फीत ध्वनिमुद्रित केली.

जुलै २०२३ मध्ये ओटीटी संदेशसेवांच्या नियमनाबद्दल ट्रायचा नवा पेपर आला. मी कपाटातून ती स्पायरलची वही काढली, पहिल्या प्रश्नावरचे खोडलेले उत्तर पुन्हा एकदा वाचले आणि नवा पेपर छापायला दिला.