भट्टीचा धोका भंगाराच्या ढिगात शोधा

जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत धोक्यांची यादी करायला बसलं की सगळ्यांचं बोट आधी भट्टीकडे जातं. तिथे लोखंड १६०० अंशांच्या वर तापलेलं असतं, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण विजेच्या कॉइलने लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीत जे उडतं, त्याचं मूळ पुष्कळदा भंगारात असतं. ते भट्टीच्या तोंडाशी आल्यावर ओळखू म्हटलं तर हातात वेळच उरत नाही. म्हणून धोक्यांच्या तपासणीतला मोठा वाटा स्क्रॅप यार्डाला द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

पहिला शत्रू पाणी. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० लिटर जागा मागते. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी अडकलं तर ती वाफ वरचं सगळं लोखंड घेऊनच बाहेर येते. मृगाचा पहिला पाऊस उघड्या ढिगावर पडला की वरचं भंगार दोन दिवसांत वाळतं, पण प्रेस केलेल्या गठ्ठ्यांच्या पोटात, पाइपांत, डब्यांच्या तळाशी पाणी तसंच राहतं. वरून हात लावून ते कळत नाही. गठ्ठ्यांसाठी शेड हवीच. शेड अपुरी असेल तर ओलसर माल फक्त रिकाम्या, थंड भट्टीच्या पहिल्या भरणीत, कोरड्या भंगाराच्या वरच्या थरात टाकावा, म्हणजे खालचं वितळायच्या आत तो वाळतो. भट्टीत वितळलेलं लोखंड असताना वरून टाकायचा माल मात्र कोरडा आहे याची खात्रीच हवी. स्पंज आयर्नचं, म्हणजे खनिजापासून न वितळवता केलेल्या सच्छिद्र लोखंडाचं, दुखणं आणखी वेगळं. ते ओलं झालं की आपोआप तापतं आणि हायड्रोजन सोडतं. त्याला कोरडी, छताखालची, हवा खेळती असलेली जागा द्या. नुसती ताडपत्री पुरत नाही, खालून येणारी ओल ती थांबवत नाही.

दुसरा शत्रू बंद तोंडाची वस्तू. गाड्यांचे शॉकअब्जॉर्बर, गॅसचे सिलिंडर, फ्रीजचे कंप्रेसर, हायड्रॉलिक जॅक, दोन्ही टोकं ठेचलेले पाइप, झाकण न काढलेले रंगाचे डबे. आत तेल असो, गॅस असो की नुसती हवा, तापल्यावर ती वाट काढणारच. अशा वस्तूंसाठी यार्डात वेगळा, कुंपणाचा कप्पा हवा. सिलिंडर दिसला की गॅसकटर घेऊन धावू नये. त्यात काही उरलं असेल तर स्फोट यार्डातच होईल. तो बाजूला ठेवून पुरवठादाराला परत करणं सगळ्यात बरं. भंगारात कधीमधी दारूगोळ्यासारखी वस्तूही निघते. तिला हात न लावता माणसं लांब करायची आणि पोलिसांना कळवायचं.

हे सगळं निवडणारी माणसं बहुतेक ठेकेदाराची असतात आणि त्यांची मजुरी टनावर ठरते. इथेच खरी मेख आहे. टनावर पैसे मिळणारा माणूस गठ्ठा फोडून बघणार नाही. निवडणीचे पैसे रोजावर द्या, वेगळे काढलेले सिलिंडर आणि शॉकअब्जॉर्बर मोजा, आणि "मुकादम, ही गाडी ओली हाय, लावू नका" असं म्हणणाऱ्या पोराची मजुरी कापली जाणार नाही हे मालकाने स्वतः सांगावं. फलक मराठीबरोबर हिंदीतही हवेत, कारण बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार बरेच असतात. शब्दांपेक्षा वस्तूंचे फोटो जास्त कामाला येतात.

भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर मेल्टरने (भट्टी चालवणाऱ्याने) सगळ्यात आधी ओळखायला शिकावं ते ब्रिजिंग. मोठे किंवा वेडेवाकडे तुकडे भिंतींमध्ये अडकतात, एकमेकांना चिकटतात आणि वर छत तयार होतं. खाली लोखंड वितळत राहतं, त्याला थंड करायला नवा माल पोचत नाही आणि तापमान भराभर चढतं. ते भट्टीचं सिलिका लायनिंग, म्हणजे आतलं उष्णता सोसणारं अस्तर, खातं. भरती खाली बसत नाही आणि पॉवर मात्र ओढली जातेय, असं दिसलं की ओळखावं. लगेच पॉवर बंद, माणसं मागे. सळईने टोचून छत फोडायला कोणीही पुढे जायचं नाही. भट्टी दुरून कलती करून खालचं लोखंड त्या छताला लावतात, म्हणजे ते वितळून भोक पडतं. हे जमणार नसेल तर पॉवर बंद ठेवून भट्टी थिजू द्यावी. एका हीटचं, म्हणजे एका वेळच्या वितळवणीचं, नुकसान होईल, ते सोसावं.

लायनिंग झिजून लोखंड भट्टीभोवतीच्या, आतून पाणी फिरणाऱ्या कॉइलपर्यंत गेलं तर कॉइलमधलं पाणी आणि वितळलेलं लोखंड समोरासमोर येतात. त्याची आधी सूचना देणारं यंत्र म्हणजे ग्राउंड लीक डिटेक्टर. तळाच्या लायनिंगमधून आलेल्या त्याच्या तारा वितळलेल्या लोखंडाला टेकलेल्या असल्या तरच ते खरं बोलतं. म्हणून रॅमिंग करताना, म्हणजे लायनिंगचा मसाला ठोकून भरताना, आणि नंतरही प्रोबची (या तारांची) जोडणी तपासावी, डिटेक्टरची चाचणी रोज घ्यावी. नव्या लायनिंगमध्ये ओल असते, तेव्हा तो वारंवार ट्रिप होतो. मग कोणीतरी त्याची मर्यादा वाढवतं किंवा बायपास करतं, आणि लायनिंग वाळल्यावरही तो तसाच राहतो. बायपासची चावी पाळीप्रमुखाकडेच हवी आणि वहीत वेळेसह सही हवी.

भट्टीखालचा खड्डा पूर्ण हीट मावेल एवढा आणि कोरडा हवा. पावसाळ्यात प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला कोणीतरी बॅटरी घेऊन खाली डोकावलंच पाहिजे. लॅडलचं, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतून घ्यायच्या भांड्याचं, लायनिंग पूर्ण वाळलेलं आणि तापवलेलं असावं. नमुन्याचा चमचा आणि स्लॅग (वर तरंगणारी मळी) काढायची सळई थंड, दमट असली तरी लोखंड उसळतं, तीही आधी शेकून घ्यावी.

कपड्यांत टेरिकॉट नको, ते वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती कपडे, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला कोट, चेहऱ्याची ढाल आणि बिनलेसचे बूट. पँटचा पाय बुटाच्या बाहेरून यायला हवा, नाहीतर उडालेला थेंब सरळ बुटात जातो. मे महिन्यात चाळिशीपार उन्हात तो कोट सहन होत नाही, म्हणून माणूस तो काढतो. त्याला दम देऊन उपयोग नाही. भट्टीसमोरची माणसं आळीपाळीने बदला, जवळच पंख्याची सावली आणि मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

भट्टीत छोटा फटका बसला, ठिणग्या उडाल्या, कोणाला काही झालं नाही, तरी ते लिहा. वेळ, हीट नंबर आणि त्या भरतीतलं भंगार कोणत्या गाडीचं होतं तेही. तीन-चार नोंदी एकाच पुरवठादाराकडे बोट दाखवू लागल्या की यादीत काय लिहायचं ते आपोआप कळतं. ४ मार्चच्या सुरक्षा दिनाच्या शपथेपेक्षा ही वही मला जास्त मोलाची वाटते.

आणि वीज गेल्यावरचं पाणी. पुरवठा बंद झाला तरी भट्टीतलं लोखंड कॉइलला तास न् तास तापवत राहतं, म्हणून कॉइलचं पाणी थांबता कामा नये. डिझेल पंप असला तरी उंचावरची टाकी हवी, नुसत्या उतारावर पाणी येईल अशी. महिन्यातून एकदा पंप मुद्दाम बंद करून तिचा व्हॉल्व्ह उघडून बघा, कॉइलच्या प्रत्येक होजमधून पाणी परत येतंय का ते. आणि ती चाचणी रात्रपाळीच्या माणसांकडूनही करून घ्या.