भांगापाशी

शनिवार, रात्री

दुपारी अप्पा बळवंत चौकातून लावण्यांचं एक जुनं पुस्तक आणलं. पुठ्ठा सुटलेला, साठ रुपये. आई मेथी निवडत बसली होती, तिला राम जोशींची ‘सुंदरा मनामध्ये भरली’ मोठ्यानं वाचून दाखवली. दोन ओळी ऐकून म्हणाली, “अगं, बातम्या वाचतेस का? र गिळू नकोस.”

खरंच गिळत होते. बोलताना आपण ‘भर्ली’, ‘ठर्ली’च म्हणतो. लावणीत मात्र तो र पुरता उघडावा लागतो. भ, र, ली. दोन लघू, एक गुरू. म्हणजे शाळेत घोकलेल्या यमाताराजभानसलगामधला स गण. मग पाहिलं तर भरली, ठरली, शिरली, पुरली, विरली, फिरली, सहाही त्याच मापाचे.

‘सुंदरा मनामध्ये भरली, जरा नाही ठरली, हवेलीत शिरली’ इतकं पाठोपाठ येतं की श्वास घ्यायला फुरसत नाही. ती तरी कुठे थांबतेय! आणि मग ‘मोत्याचा भांग’. इथे ‘रली’ नाही. चाल अडते, शाहीर बघतच राहतो.

मला आजवर ही यमकं म्हणजे नुसती कसरत वाटायची. उत्तर पेशवाईतला, संस्कृत शिकलेला सोलापूरचा शाहीर, करणारच. पण ‘भांग’ला जोड मिळते ती थेट पुढच्या ओळीच्या टोकाला, ‘कुणाची सांग’मध्ये. मधे पुन्हा तीन ‘रली’: हौस पुरली नाही, म्हणून विरली, ती फिरली नाही. तेवढा वेळ आपला कान जोडीची वाट बघतो, शाहीर तिची. कानाला जोड मिळते. शाहिराच्या हाती नुसता प्रश्न.

आणि प्रत्येक कडव्यानंतर परत तेच. घरात ‘तुझं आपलं तेच पालुपद’ हा टोमणा असतो (मला आठवड्यातून दोनदा तरी मिळतो), फडात मात्र मागे सूर धरणारे झीलकरी तेच उचलून धरतात आणि रंग चढतो. पहिल्यांदा ‘कुणाची सांग’ म्हणजे साधी चौकशी. तिसऱ्या फेरीला त्यात हट्ट येतो, शब्द एकही न बदलता.

आईनं पुढचं कडवं वाचायला लावलं. पालुपदावर परत आले तेव्हा ‘मोत्याचा भांग’ तिनंच म्हटलं, ‘भां’वर चांगलं रेंगाळून, मेथीची काडी हातात तशीच धरून.