आमची वाटचाल : साइटचं नाव झाकायचं काम

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं छोटं ऑफिस आहे. वेबसाइट बनवायच्या आणि त्या चालत्या ठेवायच्या, हा धंदा. गिऱ्हाईक म्हणजे मकरपुरा जीआयडीसीतले कारखानदार, दवाखाने, केटरर आणि नवरात्रात ऑनलाइन पास विकणारी गरबा मंडळं.

सुरुवातीला एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधलं बोलणं कुलूपबंद करायची सोय, गळी उतरवणं जिकिरीचं होतं. साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटचे पैसे वेगळे, स्वतंत्र आयपीचे, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे, वेगळे. विंडोज एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर आपल्याला कुठली साइट हवी आहे हे सर्व्हरला आधी सांगतच नसे, त्यामुळे एका आयपीवर एकच सर्टिफिकेट चाले. नाव आधी सांगायची सोय, म्हणजे एसएनआय, २००३ पासून स्टँडर्डमध्ये होती. पण कारखान्यांच्या स्टोअरमधले एक्सपी हलेनात. ते गेल्यावर आम्ही एका आयपीवर पुष्कळ साइट बसवू लागलो. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी सेवा सगळ्यांसाठी खुली झाली आणि सर्टिफिकेट फुकट मिळू लागलं. जुलै २०१८ मध्ये क्रोमने साध्या एचटीटीपी साइटवर ‘नॉट सिक्युअर’ लिहायला सुरुवात केली, तेव्हा कधी फोन न उचलणारी गिऱ्हाइकं स्वतःहून फोन करू लागली. तो हंगाम चांगला गेला.

सीडीएनकडे, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या आपल्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेकडे, आम्हाला गरब्याने नेलं. पासची विक्री उघडली की सगळं शहर एकदम त्या पानावर, आणि आमचा सर्व्हर बसलेला. मग फोटो, पानं सगळं सीडीएनवरून द्यायला लागलो. तोवर हे फक्त वेगासाठी होतं.

व्यसनमुक्ती केंद्र चालवणाऱ्या एका डॉक्टर मॅडमनी मात्र वेगळंच विचारलं. “माझा पेशंट कंपनीच्या वायफायवरून आमची साइट उघडतो, तेव्हा तिथल्या आयटीवाल्याला कळतं का?” मी म्हटलं, पानावर काय वाचलं ते नाही कळत, साइटचं नाव कळतं. “मग राहिलं काय? आमचं नाव दिसलं की झालंच ना!”

बरोबरच होतं त्यांचं. एचटीटीपीएसमागचं कुलूप म्हणजे टीएलएस; त्याच्या १.३ आवृत्तीत सर्टिफिकेटसुद्धा झाकलं गेलं, पण ब्राउझरच्या पहिल्याच निरोपात साइटचं नाव उघडं जातं. ज्या एसएनआयमुळे आमची होस्टिंग स्वस्त झाली, त्यातूनच नाव बाहेर पडत होतं. क्लाउडफ्लेअर ही सीडीएन कंपनी आणि फायरफॉक्स ब्राउझर यांनी २०१८ मध्ये फक्त नाव झाकणारं ईएसएनआय करून पाहिलं. चीनने २०२० मध्ये ते अडवलं. त्यानंतरचं ईसीएच (एन्क्रिप्टेड क्लायंट हॅलो) अख्खा पहिला निरोपच झाकतं. डीएनएस म्हणजे नावावरून आयपी सांगणारी इंटरनेटची वही; तिच्यातल्या साइटच्या नोंदीत एक सार्वजनिक किल्ली असते, ब्राउझर खरं नाव तिने कुलूपबंद करतो आणि वर दिसायला एक सामाईक नाव लावतो. क्लाउडफ्लेअरवर ते ‘क्लाउडफ्लेअर-ईसीएच डॉट कॉम’. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे २०२३ मध्ये आलं. क्लाउडफ्लेअरने त्याच सप्टेंबरात चालू केलं, पुढच्याच महिन्यात अडचणींमुळे थांबवलं आणि नंतर परत आणलं.

मॅडमना मी पोळचं, म्हणजे एकाच दरवाजाआड असलेल्या गल्लीतल्या घरांचं, उदाहरण दिलं. दरवाजातून माणूस आत शिरलेला रस्त्यावरच्याला दिसतो, कुणाच्या घरी गेला ते दिसत नाही. पण पोळमध्ये घर एकच असेल तर दरवाजा असून काय उपयोग? म्हणूनच आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर ईसीएच बसवून फारसं काही साधत नाही. मोजक्या साइट असलेल्या आयपीवरूनच अंदाज बांधता येतो. लाखो साइट एकाच दाराआड असलेल्या सीडीएनवरच ही गोष्ट खरी उपयोगी.

आणि इथेच माझं मन अजून खट्टू होतं. “तुमचा सर्व्हर, तुमचा डेटा” म्हणून आम्ही कामं मिळवली. आता नाव रस्त्यापासून लपवायचं तर मोठ्या कंपनीच्या दारात जायचं, आणि कुलूप तिच्याकडेच उघडत असल्याने तिला नावही दिसतं आणि मजकूरही. मॅडमच्या साइटवर म्हणून आम्ही अपॉइंटमेंटचा फॉर्म ठेवलाच नाही. माहिती आणि फोन नंबर, बस. शिवाय पेशंटच्या ब्राउझरमध्ये डीएनएसची विचारणा उघडी जात असेल तर नाव तिथेच फुटतं. एन्क्रिप्टेड डीएनएस कसा चालू करायचा, याचं एक पान त्यांच्या साइटवर गुजराती आणि मराठीत टाकलंय. आणि तो लॅपटॉपच कंपनीने दिलेला असेल तर यातलं काहीच पुरत नाही, हेही त्याच पानावर ठळक लिहिलंय.

गंमत म्हणजे आमच्याच एका क्लासवाल्या गिऱ्हाइकाला याच्या बरोबर उलटं हवंय. मुलांनी गेम उघडू नयेत म्हणून त्यांचा फायरवॉल नाव पाहूनच साइट अडवतो, आणि ईसीएचमुळे काही साइट त्याला दिसेनाशा झाल्या. त्यांना आम्ही क्लासच्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरची पॉलिसी आणि स्वतःचा डीएनएस फिल्टर लावून दिला. ती यंत्रं त्यांची आहेत, तिथे तो त्यांचा हक्क.

नोव्हेंबर २०२४ पासून रशिया क्लाउडफ्लेअरवरची ईसीएच जोडणी अडवतो आहे. तेव्हापासून निर्यातदारांना आम्ही खरेदीदार कुठल्या देशातले ते आधी विचारतो. तिकडे माल जात असेल तर ईसीएच बंद, दवाखान्यांना चालू. बाकीच्यांना कोटेशनमध्ये दोन ओळींत समजावतो. त्यातले बहुतेक अजून पहिला प्रश्न हाच विचारतात की साइट मोबाइलवर झटकन उघडेल ना.