तुम्ही विचारलंत म्हणून: खुनी दारात आला तर खरं बोलायचं का?

तत्त्वज्ञान शिकवते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो, वर्गात आणि लग्नाच्या पंगतीतही: जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो खोटं कधीच बोलू नये. मग सुरा घेतलेला माणूस दारात येऊन 'तुझा मित्र आत लपलाय का?' विचारू लागला, तर खरं सांगायचं?

नाही. बेधडक खोटं बोलायचं.

हा प्रसंग कोणी उगाच कांटच्या माथी मारलेला नाही. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच विचारवंताने त्याला इथेच धरलं होतं: खरं सांगणं कर्तव्य आहे, पण ज्याला ते जाणून घ्यायचा हक्क आहे त्याच्यापुरतंच. १७९७ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, कांटने निबंध लिहून उत्तर दिलं आणि तसूभरही माघार घेतली नाही. तुम्ही 'घरात नाही' म्हणालात, मित्र तुमच्या नकळत खरोखरच बाहेर पडला होता आणि खुन्याने त्याला वाटेत गाठलं, तर जबाबदारी तुमच्यावरही येते, असं त्याचं म्हणणं. मला हे आजही पटत नाही. दोष सुरा चालवणाऱ्याचाच.

तरीही मी कांटला सोडत नाही, ते मावशीमुळे. तिला कॅन्सर होता. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. 'अल्सर आहे, पथ्य सांभाळ', एवढंच. माहेरच्या जमिनीची वाटणी, धाकट्या भावाशी धरलेला अबोला, सगळं ती 'बरी झाले की बघू' म्हणत पुढे ढकलत राहिली. प्रेमापोटीच झालं हे. आणि इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा आधारही मिळतो: 'उपयुक्ततावाद' या पुस्तकात सत्याच्या नियमाला अपवाद सांगताना त्याने दुष्टापासून माहिती लपवणं आणि अत्यवस्थ माणसापासून वाईट बातमी लपवणं शेजारी-शेजारी ठेवलंय. ही जोडी मला खटकते. माझ्या मित्राच्या ठावठिकाण्यावर खुन्याचा काडीचाही हक्क नाही. मावशीच्या आजारावर पहिला हक्क मावशीचा होता. म्हणजे कॉन्स्टंटचीच कसोटी लावली तरी तिच्या बाबतीत निकाल कांटच्या बाजूने लागतो.

मारिया फॉन हर्बर्ट या तरुणीला १७९२ मध्ये लिहिलेल्या पत्रात कांटने मनातलं सगळं उघड न करणं आणि खोटं बोलणं वेगवेगळं धरलंय. सगळं सांगायची सक्ती नाही, पण जे सांगाल ते खरं हवं. मावशीला पहिल्याच दिवशी रिपोर्ट वाचून दाखवायची गरज नव्हती. ती विचारेल तेवढं, तिला झेपेल तसं सांगता आलं असतं. मग भावाला फोन करायचा की नाही, हे तिचं तिने ठरवलं असतं.