'एकास एक' म्हणजे नक्की किती? अंडी उबवण्याच्या माध्यमाचा माझा अनुभव

पाळलेल्या साप-पालींची अंडी उबवताना इन्क्युबेटर लावणं, डबे धुणं, तापमान स्थिर करणं, हे सगळं जमून जातं. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी: अंडी ज्या माध्यमात ठेवतात त्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णतेने फुलवलेलं दाणेदार खनिज) पाणी किती घालायचं? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, 'एकास एक.' ते वजनाने की मापाने, हे कुणी सांगत नाही. याची चीड मला अजूनही येते, कारण सगळा फरक तिथेच पडतो.

कोरडं व्हर्मिक्युलाइट फार हलकं असतं. 250 मिलीच्या कपात ते दाण्याच्या जाडीनुसार साधारण 20 ते 40 ग्रॅम भरतं, आणि तेवढंच पाणी 250 ग्रॅम. कपाला कप घेतलात तर वजनाने सहा ते बारा पट पाणी जातं! लेपर्ड गेको ही पाल आणि बॉल पायथन, कॉर्न स्नेक हे साप यांच्या अंड्यांचं कवच मऊ, चामड्यासारखं असतं. ती आजूबाजूचं पाणी ओढून घेतात. पाणी जास्त झालं की अंडं प्रमाणाबाहेर फुगतं, कवचाच्या छिद्रांवर पाण्याचा थर बसतो आणि ऑक्सिजन आत जाईना होतो. शेवटच्या दिवसांत पिल्लाची ऑक्सिजनची गरज सर्वांत मोठी असते, म्हणून कित्येकदा ते पूर्ण वाढून कवचातच मरतं.

तेव्हा डिजिटल काटा घ्या. 200 ग्रॅम कोरड्या व्हर्मिक्युलाइटला 160 ते 200 ग्रॅम पाणी. पिशवी बरेच दिवस उघडी असेल तर आधी ते पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर हवेतून शोषलेला ओलावा वजनात मिसळतो आणि हिशेब चुकतो. पाणी घातल्यावर नीट कालवून तासभर झाकून ठेवा, म्हणजे ते सगळीकडे सारखं मुरतं. 'मुठीत दाबा, गोळा झाला पाहिजे पण थेंब पडता कामा नये' या चाचणीवर माझा विश्वास नाही. प्रत्येकाच्या मुठीचा जोर वेगळा, दाणा वेगळा. काटा मात्र सर्वांना एकच आकडा दाखवतो.

अंडी मांडून झाली की झाकणासकट डबा तोला आणि वजन झाकणावरच लिहा. पुढे वजन घटलं तर तेवढंच पाणी, इन्क्युबेटरच्याच तापमानाचं, कडेकडेने घाला, अंड्यांवर नाही. एक बारकावा: अंड्यांनी ओढलेलं पाणी डब्यातच राहतं, त्यामुळे वजन तेच असूनही माध्यम कोरडं पडलेलं असू शकतं. म्हणून काट्याबरोबर अंड्यांकडेही बघा. सुरुवातीच्या किंवा मधल्या काळात वरून खळगा पडला तर बहुधा पाणी कमी आहे. फुटायच्या आधी काही दिवस अंडी खपाटीला जातात, पण ते स्वाभाविक आहे; तेव्हा घाबरून पाणी ओतू नका.

दाणा मध्यम किंवा जाड घ्या. बारीक दाणा दबून बसतो, हवा खेळत नाही. परलाइटही (उष्णतेने फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे पांढरे दाणे) चांगलं, पण ते पाणी लवकर सोडतं, म्हणून लक्ष जास्त ठेवावं लागतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मी वापरणार नाही: बुरशी धरतं आणि ओलाव्याचा अंदाज येत नाही. वाळू तर नकोच.

अंडी उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा, हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. पहिल्या दिवसानंतर अंडं उलटलं तर गर्भ दगावू शकतो. सापाची अंडी एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका. खत मिसळलेलं व्हर्मिक्युलाइट घेऊ नका, आणि कोरडं ओतताना मास्क लावा. धूळ फुप्फुसांना वाईट.

पाण्याचा हा हिशेबच नको असेल तर अंडी जाळीवर ठेवून खाली ओलं परलाइट किंवा नुसतं पाणी ठेवायची पद्धत आहे. बॉल पायथनसाठी मला ती आवडते, कारण अंडी पाण्याला टेकतच नाहीत. मात्र झाकण आतल्या हवेपेक्षा थंड पडलं की त्यावर बाष्प जमून थेंब अंड्यांवर पडतात. झाकण तिरकं बसवा, म्हणजे थेंब कडेने ओघळतील. टोके गेकोच्या कडक कवचाच्या अंड्यांना यातलं काहीच लागू नाही; ती ओल्या माध्यमात पुरायची नसतात. जिथे चिकटली असतील तिथून न खरवडता, त्या तुकड्यासकट कोरड्या डब्यात ठेवा आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवा.