हिवराखालची मुळं मोजताना

माळावर हिवराचं झाड आणि कुसळी गवत शेजारी दिसतात, पण जमिनीखाली कुणाची मुळं किती हे काढायचं तर माती धुवावीच लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाहुबलीच्या डोंगराकडच्या मुरमाड माळावर आम्ही हे काम ऑक्टोबरात काढलं. उन्हाळ्यात पाइप आत जात नाही आणि भर पावसात चिखल पाइपातून सुटत नाही.

आतून ७ सेंमी व्यासाचा लोखंडी पाइप, घण, पहार. बुंध्यापासून १ मीटरवर, फांद्यांच्या कडेखाली आणि उघड्या गवतात प्रत्येकी तीन भोकं, दर १० सेंमीचा थर वेगळ्या पिशवीत. एका थराची माती ३८५ घन सेंमी भरते, त्यात ०.३८५ ग्रॅम सुकी मुळं निघाली तर घनमीटरला १ किलो. मुरूम लागला की पाइपाचं तोंड दुमडतं, मग खड्डाच खणायचा. त्या मुरमाच्या भेगांत हिवराची मुळं फितीसारखी चपटी होऊन शिरलेली असतात.

माती रात्रभर भिजवायची. चिकणमाती जास्त असेल तर पाण्यात थोडं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट, नाहीतर ढेकळं फुटत नाहीत. मग अर्ध्या मिमीच्या चाळणीवर हलकी धार. घाई नडते ती इथंच: नळ जोरात सोडला की गवताची केसासारखी मुळं वाहून जातात आणि कागदावर झाडाचा वाटा फुगतो.

निवडणं पांढऱ्या ट्रेमध्ये. गवताचं मूळ फिकट, अंगाला वाळूचे कण चिकटलेलं. हिवराचं तपकिरी, नखानं खरवडलं की साल सुटते, आत कडक काडी. वाकवताच मोडणारी काळी मुळं मेलेली, ती बाजूला. २ मिमीहून जाड वेगळी. ६५ अंशांवर ४८ तास वाळवून वजन.

ओळखू न येणाऱ्या तुकड्यांसाठी कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणाची तपासणी: कुसळीचं मूल्य उणे १२-१३ प्रतिहजारच्या आसपास, झाडाचं उणे २७ च्या. पण गवतातलं रुंद पानांचं तणही झाडाच्याच खात्यात जमा होतं, म्हणून ते आधी उपटून त्याची मुळं बघून ठेवावीत.

गवत वरचं पाणी घेतं, झाड खालचं, ही मांडणी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश वॉल्टर यांची, १९३९ ची. प्रत्यक्षात झाडाची बारीक मुळंही वरच्या थरांतच दाट भेटतात. मात्र वजन म्हणजे पिणं नव्हे. भेगांतली चार मुळं कोरड्या दिवसांत झाडाला पुरतात. कोण कुठल्या थरातलं पाणी पितं ते तपासायला ठरावीक खोलीवर जड हायड्रोजनचं पाणी सोडून नंतर नमुने घ्यावे लागतात. झाडाची साल काढलेली काडी घ्यायची, गवताचा बुडखा. पान घेतलं तर बाष्पीभवनामुळे आकडा चुकतो.