खांदेरीची लढाई पायी कशी बघायची?

खांदेरीच्या लढाईची फेरी आखायला गेल्या रविवारी आमच्या घरी अलिबागला नऊ जण जमलो होतो. चहा दोनदा झाला, कांदेपोहे संपले, तरी बैठकीतला पहिलाच प्रश्न सुटेना. पुण्याहून आलेल्या मित्राने तो विचारला होता. "रणभूमीची पायी फेरी म्हणतेस, पण लढाई तर पाण्यात झाली. चालायचं कुठे?"

प्रश्न अगदी रास्त होता. उंबरखिंडीत गेलात तर दोन्ही अंगांचे डोंगर आणि मधली नळी दाखवून मुघल सरदार कारतलबखान कसा कोंडला गेला ते सांगता येतं. खांदेरीला काय दाखवणार? थळच्या किनाऱ्यावरून अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी, अशी दोन बेटं दिसतात, आणि मध्ये नुसतं पाणी. त्या पाण्यावर 1679 च्या ऑक्टोबरात मराठे आणि इंग्रज यांच्यात काय घडलं, याची एकही खूण उरलेली नाही.

पण थळ माझं माहेर आहे, आणि मी शाळेत गणित शिकवते. या दोन गोष्टींमुळे मला वाटतं की ती लढाई अजून जशीच्या तशी बघता येते. त्यासाठी वेळ मात्र नेमकी साधावी लागते. म्हणून या फेरीचं सगळं नियोजन मी भरतीच्या वेळेपासून सुरू केलंय. कुणाला सुट्टी कधी आणि जेवण कुठे, ते त्यानंतर.

आधी थोडक्यात हकिगत. शिवाजी महाराजांनी 1679 च्या पावसाळ्यात मायनाक भंडारीला दीडशे माणसं आणि चार तोफा देऊन खांदेरीवर पाठवलं आणि तटाचं काम सुरू केलं. हे बेट मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी आहे. तिथे मराठ्यांच्या तोफा बसल्या म्हणजे मुंबईत शिरणारं आणि निघणारं प्रत्येक जहाज त्यांच्या नजरेखाली. इंग्रजांनी हे ओळखलं आणि बेटाला वेढा घालायला गलबतं धाडली. सप्टेंबरात थॉर्प नावाचा त्यांचा अधिकारी बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. मग 'रिव्हेंज' आणि 'हंटर' ही मोठी जहाजं आली. बरोबर काही गुराबा, शिबाडं, मचवे, अशी लहानमोठी गलबतं. ताफ्याचा प्रमुख केग्विन, 'रिव्हेंज'वर कप्तान मिंचिन. आणि 18 ऑक्टोबरला दिवस उजाडता उजाडता दौलतखानाचं मराठी आरमार नागावच्या बाजूने त्यांच्यावर आलं. पन्नासच्या वर गलबतं होती. ती इतक्या झपाट्याने आली की इंग्रजांना नांगर उचलून शिडं उभारायलाही नीट सवड मिळाली नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीच्या होड्या पांगल्या. 'रिव्हेंज' एकटी मध्ये सापडली, पण तिने तोफांच्या जोरावर टिकाव धरला आणि मराठी गलबतांना मागे हटावं लागलं. फेरीत हेही तितक्याच स्वच्छपणे सांगायचं, असं आमचं ठरलंय. आपली पाच गलबतं बुडवल्याचं इंग्रज लिहून गेलेत, तेही सांगू. मायनाक भंडारीचं मोठेपण त्याने कमी होत नाही. तो बेटावर टिकून राहिला, तट चढत गेला, आणि 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनीच वेढा आवरता घेतला.

आता माझ्या हिशेबाची गोष्ट.

इंग्रजांची तेव्हाची कालगणना जुनी होती, आजच्या तारखांपेक्षा दहा दिवस मागे. म्हणजे त्यांचा 18 ऑक्टोबर हा आपल्या आजच्या पद्धतीने 28 ऑक्टोबर. दरवर्षी 18 तारखेला खांदेरीचे फोटो आणि शुभेच्छा फिरतात, तेव्हा माझा जीव तुटतो. तारीख जुळते, पण दिवस जुळत नाही. मी चंद्राच्या कलेचा हिशेब मागे मागे नेला. अमावास्या ते अमावास्या सरासरी 29.53 दिवस धरून आकडे मांडले, आणि तो दिवस आला आश्विन वद्य अष्टमी-नवमीच्या सुमाराला, शके 1601. दिवाळीची अमावास्या सहा दिवसांवर.

तिथी कळली की किनाऱ्यावरच्या माणसाला भरती सांगता येते. आमच्याकडे साधा नियम आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. नवमी असेल तर पावणेसात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. माझ्या आजीने हे मला बोटांवर शिकवलं, पाढे पाठ व्हायच्याही आधी.

म्हणजे दौलतखानाचं आरमार आलं तेव्हा, उजाडताना, पाणी भरत आलं होतं किंवा नुकतंच पूर्ण भरलं होतं. हा निष्कर्ष माझा आहे, कुठल्या कागदात लिहिलेला नाही. पण तो वहीवर उतरला त्या रात्री मला झोप लागली नाही. नागावच्या पुळणीवरून गलबतं पाण्यात लोटायला याहून चांगली वेळ नाही. ऑक्टोबरात पहाटे आमच्याकडे वारा पडलेला असतो, वाहिला तर जमिनीकडून हलका मतलई. वल्ह्यांवर चालणाऱ्या गलबताचं त्याने काही अडत नाही. शिडाच्या जड जहाजाचं सगळंच अडतं.

हे मी वहीत मांडलं आता, पण शिकले दोन वर्षांपूर्वी, थळच्या चिखलात. मार्गशीर्ष पौर्णिमेला आम्ही अठरा जण मोठी यांत्रिक होडी करून खांदेरीला गेलो होतो. भरतीला, अकराच्या सुमाराला निघालो. नाखवाकाकांनी बजावलं होतं, तीनला परत. आम्ही तोफांपाशी रमलो. तिथे चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा अजून आहेत, आणि प्रत्येकाला त्यांची मापं घ्यायची होती. मग ठोकल्यावर भांड्यासारखा वाजतो तो दगड, मग वेताळाचं देऊळ, मग दीपगृह. निघायला पावणेपाच वाजले. उधाणाची ओहोटी म्हणजे पाणी किती मागे जातं ते थळकरांना सांगायला नको. किनारा समोर दिसत असताना होडीचा तळ घासला, एकदा, दोनदा, आणि ती बसली. पाणी परत चढेपर्यंत दोन तास तिथेच.

अंधार पडला. कनकेश्वराच्या बाजूने चंद्र वर आला. कुणी बोलत नव्हतं. तेवढ्यात आमच्या उजव्या अंगाने एक लहानशी होडी आली. त्यात दोन बायका, मध्ये पाट्या, आणि मागे वल्हं मारणारा म्हातारा. आम्ही रुतलो होतो तिथून दहा-बारा हातांवरून ती सरळ किनाऱ्याकडे निघून गेली. पाणी गुडघाभरसुद्धा नसेल. वल्ह्याचा आवाजही आम्हाला ती अगदी जवळ आल्यावर ऐकू आला.

वेढा पडलेला असताना खांदेरीवर रात्री दाणागोटा कसा पोचत होता, हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं. इंग्रजांची जहाजं बेटाभोवती उभी, आणि त्यांच्या नाकाखालून लहान होड्या सामान घेऊन आत जात होत्या. वाचताना ते धाडस वाटायचं. त्या रात्री ते मला डोळ्यांनी दिसलं. धाडस होतंच, पण त्याच्या तळाशी या किनाऱ्यावरच्या माणसांचं रोजचं ज्ञान होतं. कुठे खडप आहे, कुठे पुळण वर आलीय, कुठल्या तिथीला किती वाजता किती पाणी असतं. इंग्रजी कागदांत सेनापतींची नावं सापडतात. वल्हं मारणाऱ्यांची नावं मला कुठेच सापडली नाहीत.

म्हणून ही फेरी मला अशी करायची आहे.

यंदा त्या तिथीच्या जवळचा रविवार 1 नोव्हेंबरला येतो. सप्तमी-अष्टमीचा सांधा आहे, म्हणजे भरती पहाटे सव्वापाच ते सहाच्या दरम्यान. सगळ्यांनी शनिवारी दुपारीच थळला यायचं. चार वाजता बंदरावर जमून कोळीवाड्यातून खुबलढ्याकडे चालायचं. थळच्या या कोटाचं फारसं काही उरलेलं नाही, पण तिथे उभं राहिलं की दोन्ही बेटं आणि मधलं पाणी एका नजरेत येतं. तिथेच ओल्या वाळूवर काठीने नकाशा काढू. गलबतांना शिंपल्या, 'रिव्हेंज'ला नारळाची करवंटी. उंदेरीचीही गोष्ट तिथेच सांगायची. 1680 च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने उंदेरी ताब्यात घेऊन खांदेरीच्या पुढ्यातच ठाण मांडलं. त्यानंतर ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली.

रविवारी पहाटे पाचला किनाऱ्यावर. बॅटऱ्या बंद, मोबाईल खिशात. काळा चहा माझी वहिनी देणार आहे. उजाडेपर्यंत फक्त समुद्राकडे बघायचं, आणि समोरून येणारी होडी प्रत्येकाला कधी दिसते ती वेळ नोंदवायची. ही होडी आम्हीच ठेवणार आहोत, वल्ह्यांची. ती दक्षिणेकडून किनाऱ्याला धरून येईल. दिसल्यापासून समोर पोचेपर्यंत किती मिनिटं लागतात, तेवढीच सवड त्या सकाळी इंग्रजांना मिळाली असेल असं समजू. हा प्रयोग माझ्या सातवीच्या मुलांनाही द्यायचाय.

साडेसहाला मोठ्या होडीने खांदेरी. तटावरून फेरी, तोफा, वाजणारा दगड, वेताळाचं दर्शन. वेताळ हा आमच्या कोळ्यांचा देव आहे. देवळाजवळ चपला, खाऊच्या पिशव्या, मोठ्याने गाणी, यांतलं काहीही चालणार नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत खांदेरी आहे, आणि तेव्हापासून माणसं वाढलीत. आनंदच आहे. पण मागच्या खेपेला तोफेच्या तोंडात पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या मी स्वतः काढल्या आहेत. यंदा प्रत्येकाने एक रिकामं पोतं आणायचं.

बैठकीत एकाच गोष्टीवर जरा ताणलं गेलं. मुंबईच्या मंडळींचं म्हणणं, पहिल्या बोटीने मांडव्याला उतरून रविवारी सकाळी आठपर्यंत थळला येतो, मुक्काम कशाला? मी नाही म्हटलं. आठला आलात तर किल्ला बघाल, लढाई बघणार नाही. थोडी नाराजी झाली, पण शेवटी सात जणांनी मुक्काम कबूल केला. तिघं आमच्या माहेरच्या पडवीत झोपतील, बाकीच्यांची सोय शेजारी होतेय.

नाखवाकाकांना वेळा सांगायला परवा कोळीवाड्यात गेले. जाळं विणत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, बेटावरनं साडेनऊला निगायचा. पावनेधाला मी कुनासाठी थांबनार नाय." मी मान डोलावली. मग वल्ह्यांच्या होडीचं विचारलं. वाड्यात आता तशी एकच उरलीय, त्या रात्री आमच्या बाजूने गेली तीच. म्हाताऱ्या मालकाचा खांदा दुखतोय, पण नातवाला बरोबर घेऊन येतो म्हणालेत. होडीला खालून रंग द्यायचाय, आणि एक वल्हं नवं करायला सुताराकडे दिलंय. त्याचे पैसे आपण वर्गणीतून द्यायचे आहेत, तेव्हा येणाऱ्यांनी मला या आठवड्यात कळवा.